पाद्री, राजा आणि वाद

कावेरीच्या मुखाजवळ समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचे जे लहानसे ठाणे डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीने १६२० साली रघुनाथ नायकाकडून करारनाम्याने मिळवले होते, ते पुढे नायकांची सत्ता मोडून तंजावुरास व्यंकोजीराजे भोसल्यांचा अंमल बसल्यानंतरही डेनांकडेच राहिले, आणि त्याचा वार्षिक भरणा तेवढा नायकांऐवजी मराठ्यांच्या सरकारात जमा होऊ लागला. या ठाण्यावर १७०६ च्या जुलै महिन्यात, तंजावुरास शहाजीराजे गादीवर असताना, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग नावाचा चोविशीतला जर्मन पाद्री आपल्या एका सोबत्यासह उतरला. डेन्मार्कच्या राजाने त्याला धर्मप्रसारासाठी पाठवले होते. ठाण्यातल्या कंपनीच्या अंमलदारांना ही ब्याद नको होती. त्यांच्या गव्हर्नराने तर त्याला पुढे काही महिने किल्ल्यात कैदेतही ठेवले. पण मनुष्य चिकाटीचा. गावच्या पंतोजीच्या शाळेत पोरांच्या पंक्तीला बसून तो वाळूवर बोटाने तमिळ अक्षरे गिरवू लागला, आणि दोनतीन वर्षांत त्या भाषेत एवढा तयार झाला की, देवळाच्या आवारात, छत्रांत आणि वाटेवरच्या मंडपांत जो कोणी शास्त्री, पंडारम किंवा व्यापारी भेटेल त्याच्याशी धर्मावर वाद घालणे हा त्याचा नित्यक्रम होऊन बसला.

धर्मश्रद्धेसारखी खोल रुजलेली वस्तू वादाने हालते काय, हा प्रश्न आजही घरोघरी, सभांतून आणि आगगाडीच्या डब्यांतून चर्चिला जातो. त्याचे उत्तर बहुधा ज्याच्या त्याच्या स्वभावानुसार दिले जाते, पुराव्यानुसार क्वचितच. तंजावूरच्या मराठी राज्याकडे मात्र या प्रश्नाचा पुरावा आहे, आणि तो सव्वाशे वर्षांचा, लेखी आणि दोन्ही बाजूंचा आहे. त्यातले पहिले दफ्तर या झीगेनबाल्गाचेच.

१७१२ ते १७१४ या काळात त्याने एक नामी युक्ती केली. तोंडी वादात माणूस चिडतो, विषय सोडून भलतीकडे जातो आणि ऐकणाऱ्यांच्या भीडेने नको ते बोलून बसतो, असा अनुभव आल्यावर त्याने आसपासच्या मुलखातल्या जाणत्या हिंदूंकडे प्रश्न लिहून पाठवले : तुमचे देव कोण, तुमचा आचार कशावर आधारलेला, आमच्या धर्माविषयी तुमचे मत काय आणि तो तुम्ही का स्वीकारत नाही? उत्तरे ताडपत्रांवर लिहून आली. त्यांतली नव्याण्णव पत्रे जर्मन भाषेत उतरवून त्याने हाले येथील आपल्या वरिष्ठांकडे पाठवली आणि ती तेथे छापली गेली; शिवाय ब्राह्मणांशी झालेल्या चौतीस संभाषणांचे एक पुस्तक १७१९ साली लंडनला इंग्रजीत निघाले. लिहिणारा पाद्री असल्यामुळे शेवटचा शब्द पुष्कळदा त्याचाच असतो हे खरे, पण प्रतिपक्षाचे म्हणणे दडपण्याची त्याची वृत्ती नव्हती, म्हणून आज दोनशे-तीनशे वर्षांनी ती पाने चाळताना समोरचा माणूस स्पष्ट दिसतो.

आणि हा समोरचा माणूस शांत आहे. ईश्वर एक आहे हे त्याला मान्यच आहे; त्या एका ईश्वराने निरनिराळ्या देशांतल्या लोकांना निरनिराळे मार्ग नेमून दिले असून ज्याने त्याने आपल्या मार्गाने नीट चालावे, एवढेच त्याचे म्हणणे. ख्रिस्ती शास्त्रात सदाचाराच्या गोष्टी चांगल्या आहेत असेही तो मोकळेपणाने कबूल करतो. मग अडते कुठे? तर हे गोरे लोक गाई मारून खातात, दारू पिऊन झिंगतात, नीट स्नान करत नाहीत आणि घरातल्या घरात थुंकतात, इथे! त्रैक्याचे गूढ आणि अवतारवाद यांवर पाद्र्याने रात्री जागून जुळवलेल्या युक्तिवादांचा हा असा निकाल लागलेला पाहून वाचणाऱ्याला हसू येते. पण उत्तर देणाऱ्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धर्म म्हणजे प्रतिज्ञा, हेतू आणि दृष्टांत यांनी सिद्ध करायचे प्रमेय, असे पाद्री धरून चालला होता; उत्तर देणाऱ्याच्या लेखी धर्म म्हणजे माणसे कशी राहतात ते होते, आणि ती कशी राहतात हे त्याला ठाण्याच्या तटाबाहेरूनही दिसत होते.

बाप्तिस्मे झाले नाहीत असे नाही. पहिले पाच १७०७ च्या मे महिन्यात झाले. पण ते पाचही जण डेन मालकांच्या पदरचे गुलाम होते. मंडपात बसून ज्यांनी ज्यांनी पाद्र्याशी तर्क लढवला, ते आपापली उपरणी झटकून आपापल्या घरी गेले.

मन बदलले ते एकाचे, आणि तो खुद्द झीगेनबाल्ग होता. आपण येथे आलो तेव्हा या लोकांना रानटी समजत होतो, परंतु त्यांची भाषा शिकून त्यांचे ग्रंथ वाचल्यावर त्यांच्यात व्यवस्थित तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र आहे असे आढळले, अशी कबुली त्याने आरंभीच्या दोन वर्षांतच लिहून ठेवली आहे. खंडन करायचे तर प्रतिपक्षाचे ग्रंथ हवेत, म्हणून त्याने शेकड्यांनी तमिळ पोथ्या जमवल्या, त्यांची टिपणांसह यादी केली, नीतिपर पुस्तकांची भाषांतरे केली, आणि १७१३ साली दक्षिणेतल्या देवतांची वंशावळ सांगणारा एक मोठा ग्रंथ सिद्ध करून मायदेशी धाडला. तिथून हाले येथील फ्रांके या त्याच्या गुरुस्थानी असलेल्या अधिकाऱ्याचे जे उत्तर आले ते प्रसिद्ध आहे : मिशनऱ्यांना हिंदुस्थानात पाखंड उपटून काढण्यासाठी पाठवले आहे, पाखंड्यांच्या भाकडकथा युरोपात पसरवण्यासाठी नव्हे. ग्रंथ बासनात बांधला गेला आणि १८६७ साली, लेखकाच्या मृत्यूला जवळजवळ दीडशे वर्षे झाल्यावर, मद्रासेस छापला गेला. झीगेनबाल्ग अखेरपर्यंत निष्ठावंत ख्रिस्ती राहिला यात शंका नाही. परंतु वादाची तयारी करता करता त्याची दुसऱ्याच्या धर्माविषयीची समजूत पार बदलून गेली, आणि ती कोणी वादात हरवल्यामुळे बदलली नाही.

आपल्याकडे हा विषय नवा नव्हता. न्यायशास्त्रकारांनी तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडण्यासाठी चालते ती वितंडा, असे तीन प्रकार फार पूर्वीच सांगून ठेवले. आणि तंजावूरच्या मुलखात तर नायकांच्या काळापासून कुंभकोणच्या मठांतून शैव आणि माध्व पंडितांचे झगडे चालत आले होते. अप्पय्य दीक्षित आणि विजयींद्रतीर्थ यांनी एकमेकांविरुद्ध ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. दोघांना सेवप्पा नायकाच्या दरबारी मानमरातब होता आणि दोघेही मरेपर्यंत आपापल्या मताचे राहिले. ‘वादात हरला आणि शिष्य झाला’ अशा कथा आपल्या आचार्यचरित्रांत विपुल आहेत. त्या सगळ्या जिंकलेल्याच्या मठात लिहिल्या गेल्या, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

झीगेनबाल्गानंतर सुमारे साठ वर्षांनी तंजावूरच्या दरबारात जो पाद्री वावरू लागला, त्याच्या हाती मात्र झीगेनबाल्गाला कधीच न लाभलेली सर्व साधने होती. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ हा १७२६ साली प्रशियात जन्मला, १७५० साली तरंगंबाडीस आला, १७६९ साली तुळजाजीराजांना प्रथम भेटला आणि १७७८ पासून तंजावुरासच स्थायिक झाला. त्याला तमिळ, पोर्तुगीज, फारसी आणि हिंदुस्थानी येत होत्याच. दरबारी मंडळींशी दुभाष्याशिवाय बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. इंग्रजांनी १७७९ साली हैदरअलीकडे गुप्त वकिली करायला त्याला पाठवले ते त्याच्या शब्दावर हैदराचाही विश्वास बसेल म्हणून. पुढे हैदराच्या फौजांनी तंजावूरचा मुलूख जाळला, रयत परागंदा झाली, शेते ओस पडली आणि किल्ल्याच्या दाराशी भुकेने माणसे मरू लागली, तेव्हा राजाच्या सनदेला कोणी भीक घालीना. पण पाद्र्याने जामीन राहून कौल दिल्यावर हजारो कुणबी परत येऊन नांगराला लागले. तुळजाजी त्याला आपला पाद्री म्हणत असत. एवढे असून तुळजाजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते मनातून अनुकूल होते, केवळ दरबारच्या ब्राह्मणांच्या धाकाने मागे राहिले, असे मिशनऱ्यांचे वृत्तांत सांगतात. अशा वृत्तांतांत असे वाक्य नेहमीच येते.

श्वार्त्झचीच एक आठवण त्याच्या चरित्रांतून वाचायला मिळते. वाटेत एक नृत्यशिक्षक आणि त्याच्याबरोबरची नर्तकी भेटली असता, अपवित्र मनुष्याला स्वर्गात प्रवेश नाही असा उपदेश त्याने त्यांना केला. त्यावर, असे असेल तर मग तुमचे युरोपियन लोक तिथे फारसे दिसायचे नाहीत, असे त्या बाईने शांतपणे उत्तर दिले आणि ती चालू लागली. तरंगंबाडीच्या ताडपत्रांतलाच हा मुद्दा, साठ-सत्तर वर्षांनी, एका ओळीत.

१७८७ साली तुळजाजीराजे अंथरुणाला खिळले तेव्हा औरस संतती न उरल्याने त्यांनी भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेतला दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. हे सरफोजी. मुलाचा हात श्वार्त्झच्या हातात देऊन राजांनी त्याचा सांभाळ कर असे विनवले. त्यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मासलेवाईक आहे. तुळजाजींचे भाऊ अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासच्या सरकारने बारा पंडितांची सभा भरवली. पंडितांनी शास्त्राधार काढून दत्तविधान अशास्त्र ठरवले, कारण मुलगा बापाचा एकुलता एक आणि वयानेही मोठा. अमरसिंग गादीवर बसले आणि सरफोजी नजरकैदेत पडले. पुढे श्वार्त्झने खटपट करून १७९३ साली मुलाला मद्रासेस हलवले, ते पंडित फितवले गेले होते असे सरकारला लिहून कळवले, इंग्रज कंपनीच्या मुत्सद्द्यांनी इतर ठिकाणच्या पंडितांची मते मागवली, आणि त्याच धर्मशास्त्रावरून तेच दत्तविधान आता सशास्त्र ठरले! ल्यूथरपंथी पाद्री एका हिंदू राजपुत्रासाठी दत्तकाच्या हिंदू शास्त्राची बाजू लढवतो आणि ती बाजू जिंकते, हा प्रसंग मोठा चमत्कारिक खरा. परंतु पंडितांचे पारडे कुठल्या युक्तिवादाने फिरले हे विचारण्यापूर्वी, दोन्ही वेळी कंपनीला कोणता राजा हवा होता हे विचारणे अधिक शहाणपणाचे. वादाचा निकाल अनेकदा सभेबाहेर आधीच लागलेला असतो.

सरफोजी १७९८ च्या जूनमध्ये गादीवर बसले. श्वार्त्झ त्याच वर्षीच्या १३ फेब्रुवारीला वारला होता. मृत्यूपूर्वी भेटीला आलेल्या आपल्या या शिष्याला त्याने आशीर्वाद दिला आणि तू ख्रिस्ती व्हावेस ही शेवटची इच्छाही बोलून दाखवली. राजपुत्र अंत्यविधीला हजर राहिले, रडले आणि शवावर त्यांनी जरीचे वस्त्र घातले. आता वाचकाने क्षणभर हिशेब मांडून पाहावा : बालवय, पितृतुल्य प्रेम, प्राणरक्षण, गादी मिळवून दिल्याचे उपकार, वर्षानुवर्षांचे शिक्षण, स्वतः बोललेल्या शब्दाला जागणारा गुरू आणि त्याची मरतेवेळची इच्छा. मन वळवण्याची यापेक्षा अनुकूल परिस्थिती कल्पनेतही उभी करता येणार नाही. सरफोजी चौतीस वर्षे गादीवर होते आणि हिंदू म्हणूनच वारले.

त्यांचे मन बंद होते म्हणावे तर तसे मुळीच नव्हते. १७९९ च्या तहनाम्याने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर मोकळ्या झालेल्या या राजाने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांची टिपणे ठेवली, धन्वंतरी महाल काढला, देवनागरी छापखाना घातला आणि त्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापवले; मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला छापील मराठी पुस्तक अजून ठाऊकही नव्हते त्या काळातली ही गोष्ट. बिशप हेबर १८२६ मध्ये तंजावुरास आला तेव्हा, लाव्वाझिए आणि लिनेअस यांचे दाखले सहज देणारा, शेक्सपिअरवर मार्मिक बोलणारा आणि शिवाय घोड्याची पारख व वाघाची शिकार यांतही पटाईत असा हा हिंदू राजा पाहून थक्क झाला. म्हणजे जगाची रचना, शरीराची रचना आणि ग्रंथ छापण्याची रीत यांविषयी सरफोजींनी पाश्चात्त्यांचे जवळजवळ सगळे घेतले. घेतले नाही ते एकच.

बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र सांगणारा जो प्रचंड मराठी शिलालेख त्यांनी कोरवला तो १८०३ चा. आणि लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून आणलेला, मरणशय्येवरच्या श्वार्त्झचा हात धरून राजा उभा आहे असा संगमरवरी शिलापट त्याच दशकातला. देऊळ आणि ज्या शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये हा शिलापट आहे ते चर्च, यांच्यात हाकेचे अंतर आहे. गुरूच्या थडग्यावर कोरायला राजांनी स्वतः इंग्रजी पद्य रचले. त्यात श्वार्त्झ अनाथांचा बाप होता, विधवांचा आधार होता, निष्कपट होता, मी त्याला शोभेसा व्हावे, असे सगळे आहे; त्याचा धर्म खरा होता किंवा नव्हता याविषयी एक अक्षर नाही. पाद्र्याने जन्मभर जो युक्तिवाद केला त्याला दिलेले हे उत्तरच होय, आणि ते अतिशय सभ्य आहे.

सरफोजींचा सहाध्यायी वेदनायकम शास्त्री याची गोष्ट यापुढे ठेवून पाहण्यासारखी आहे. १७७४ साली जन्मलेल्या या मुलाला श्वार्त्झने बाराव्या वर्षाच्या सुमारास तंजावुरास आणले. पुढे तो तमिळमधला मोठा ख्रिस्ती कवी झाला. एका गुरूच्या या दोन शिष्यांनी दक्षिणेतल्या कुरवंजी नावाच्या गीतनाट्याचा साचा उचलला. वेदनायकमने १८०० साली बेथलेहेमवर कुरवंजी लिहिली, सरफोजींच्या नावावर मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे; आणि दोन्हींत, भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीणबाईच्या तोंडी, श्वार्त्झच्या शाळेत शिकवलेला नवा भूगोल येतो. पृथ्वीच्या वर्णनात दोघे जवळजवळ एकमताचे, स्वर्गाच्या वर्णनात नाहीत. यावरून एक शिष्य पटला आणि दुसरा पटला नाही असे कोणी म्हणेल. पण वेदनायकमचा बापच ख्रिस्ती झालेला होता, तो ख्रिस्ती घरातच जन्मला. दोघेही आपापल्या बापाच्या घरी राहिले, एवढाच याचा अर्थ. पुढे नव्या मिशनऱ्यांनी चर्चमधला जातिभेद मोडण्याचा हुकूम काढला तेव्हा वेदनायकमने त्याविरुद्ध लेखणी उचलली, मिशनची नोकरी १८२९ साली गेली, आणि त्याला वेतन देऊन पदरी ठेवले ते सरफोजींनी. नवा धर्म मिळाला म्हणजे जुना आचार सुटतो, हा समजही तंजावुरात असा उघडा पडला.

मग सरफोजींना काय अडवत होते? मला वाटते, श्रद्धेला केवळ मत समजण्यात आपली चूक होते. मत बदलायला पुरावा पुरतो. राजांच्या श्रद्धेत बृहदीश्वराची पूजाव्यवस्था होती, ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र होते, वंशाच्या कुलदेवता होत्या, श्राद्धाचे पिंड होते, पदरचे शास्त्री, कीर्तनकार आणि गवई होते. उत्तरायुष्यात मोठा लवाजमा घेऊन केलेली आणि पोथ्यांचे गठ्ठे घेऊन परतलेली काशीयात्रा तीत होती. हे सगळे एका बाजूला आणि एक पटलेला युक्तिवाद दुसऱ्या बाजूला. ‘पटले’ म्हणणारा मनुष्य त्या घटकेला आपल्या सगळ्या नात्यांचा राजीनामा लिहून देत असतो, आणि असा राजीनामा तोच देतो ज्याला दुसरीकडे नाती जुळलेली असतात किंवा ज्याला पहिल्या घरात जागाच नसते. अमेरिकेत जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या दोन समाजशास्त्रज्ञांनी कोरियाहून आलेल्या एका लहान पंथाचा अभ्यास करून १९६५ साली नेमके हेच दाखवले : पंथाची तत्त्वे ऐकून आवडलेले पुष्कळ होते, आत गेले ते बहुतेक असे की ज्यांचा आतल्या माणसांशी स्नेह जडला होता आणि बाहेरच्यांशी संबंध सैल पडले होते. तरंगंबाडीच्या त्या पाच गुलामांना नवे घर मिळणार होते. सरफोजींना श्वार्त्झचा स्नेह होता, पण त्यांचे जुने घर म्हणजे अख्खे तंजावूर होते.

तंजावूरचा हा अनुभव मुंबईला ठाऊक असता तर कदाचित तिथला बराच घसा वाचला असता. तिथे १८३१ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने तिचे खंडन छापले, त्यावर पुन्हा खंडन आले. १८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत, उत्तरेत बंडाचा वणवा पेटण्याच्या सुमारास, विष्णुबुवा ब्रह्मचारी दर आठवड्याला संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून मिशनऱ्यांशी भिडत होते आणि माणसांचे थवे ऐकायला लोटत होते. या वादाचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत छापला आणि बुवांच्या बाजूचा मराठीत निघाला. दोन्ही पुस्तके वाचली असता दोन्हींत आपलाच पक्ष जिंकलेला आढळतो. यात लबाडी असेलच असे नाही. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा विद्यार्थ्यांना तेच दोन अहवाल वाचायला दिले, एक बाजूचा, एक उलट. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपल्या मूळ मतात अधिक पक्के झाल्याचे सांगू लागले. समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी तेच करून घरी जात होती. मात्र एक लाभ झाला : मिशनऱ्यांच्या हल्ल्याने खडबडून जागे झालेल्या विष्णुबुवांना आपला धर्म नव्याने मांडावा लागला आणि ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ लिहावा लागला.

बोवेनची स्वतःची हकीकत तर या सगळ्याच्या उलटी आहे. हा तरुणपणी पक्का नास्तिक. ज्या मुलीशी लग्न ठरले ती १८४४ साली वारली आणि मरताना बायबल ठेवून गेली. त्यानंतर ग्रंथालयातून चुकून भलतेच पुस्तक आले, ते ख्रिस्ती धर्माचे पुरावे सांगणारे पेलीचे निघाले, आणि परत करण्याआधी सहज उघडलेल्या त्या पुस्तकाच्या युक्तिवादाने तो जिंकला गेला. असले पुरावे त्याने पूर्वी कधी मनावर घेतले नव्हते. तेरा वर्षांनी तोच बोवेन मुंबईच्या वाळूवर दुसऱ्यांना तोंडी वादाने जिंकू पाहत होता हे विशेष.

काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. हे चित्पावन ब्राह्मण १८२५ चे. मिशनऱ्यांचे खंडन करायचे म्हणून त्यांनी त्यांचीच पुस्तके मिळवून वाचली आणि जॉन म्यूरच्या संस्कृत ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो आजही त्या बाजूच्या उत्तम ग्रंथांत मोडतो. आणि आपल्याच ग्रंथातल्या उत्तरांनी त्यांचे समाधान होईना! १८४८ च्या मार्चमध्ये जौनपुरास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सभेत त्यांना कोणी निरुत्तर केले नव्हते; एकांतात, शत्रूची बाजू शत्रूपेक्षा नीट समजून घेताना त्यांचा पाय सरला. झीगेनबाल्गाचे असेच झाले होते, फक्त तो अर्ध्या वाटेवर थांबला. वादात मन बदलायचेच असेल तर ते समोरच्याचे नव्हे, आपले बदलते, आणि तेही समोरच्याचा ग्रंथ रात्री एकटे बसून प्रामाणिकपणे वाचणाऱ्याचे, असे या सगळ्या दफ्तरावरून मला दिसते. गोऱ्यांनी जन्मभर ख्रिस्ती धर्माच्या बाजूने ‘षड्दर्शनदर्पणा’सारखे तर्ककठोर ग्रंथ लिहिले आणि जन्मभर ते स्वतः शंकांनी पीडलेले राहिले. तर्काने आलेल्याला तर्क कधी सुखाने बसू देत नाही.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात गेल्या तेव्हा याच गोऱ्यांनी त्यांना लांबलचक पत्रे लिहिली, आणि आपल्याला पटवून दिले ते फादर गोऱ्यांनी, असे रमाबाईंनी पुढे सांगितले आहे. पण त्याच निवेदनात आधी फुलहॅमची हकीकत येते : पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी सांभाळतात हे पाहून, आपल्याकडे असे का नाही, या विचाराने त्यांचे मन प्रथम हलले. घर आधी दिसले, प्रमाण नंतर पटले. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि आता ही विदुषी शिष्या आज्ञेत राहील अशी तिथल्या भगिनींची समजूत झाली. तो रमाबाईंनी त्रैक्यापासून बिशपच्या अधिकारापर्यंत एकेका कलमाचा आधार बायबलातून काढून दाखवा म्हणून पत्रांमागून पत्रे धाडायला सुरुवात केली, आणि हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू नुकतेच मानेवरून उतरवून ठेवले आहे, दुसऱ्या कोणाचे घेण्याचा विचार नाही, असे भगिनी जेराल्डीनला स्वच्छ कळवून टाकले.